कोऱ्या पानांवर काय लिहायचं?

पत्राचा सारांश: ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली एक वाचक एका संस्थेमार्फत मध्यवर्ती कारागृहाच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस काम करते. तिला रुजू होऊन आठ महिने झाले. दहा दिवसांनी वरिष्ठ कार्यालयाची तपासणी आहे आणि त्यांच्यासोबत न्यायाधीश व अभ्यागत मंडळाचे (कारागृहाला भेट देऊन पाहणी करणाऱ्या मंडळाचे) सदस्यही येणार आहेत. तिला कारागृहातल्या साहेबांकडून तोंडी सूचना मिळाल्या आहेत. ती येण्याआधीच्या चार महिन्यांची देवघेव नोंदवहीतली कोरी पानं भरून टाकायची, फाटकी पुस्तकं गोदामात हलवायची आणि देणगीतली नवी पुस्तकं काचेच्या कपाटात लावायची. मदतीला असलेल्या दोन बंद्यांऐवजी त्या दिवशी ‘नीट बोलणारे’ दुसरे दोघे बसवायचे. दाखल नोंदवहीत (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात त्या वहीत) २,६४० पुस्तकं आहेत, त्यातली अंदाजे १४० सापडत नाहीत. शेवटची मोजणी सहा वर्षांपूर्वी झाली. महिन्याला साधारण ३०० पुस्तकांची देवघेव होते. ती विचारते, “खरं सांगितलं तर ग्रंथालयच बंद करतील आणि वाचणाऱ्यांचं नुकसान होईल. गप्प बसले तर १४० पुस्तकं माझ्या नावावर लागतील. मी काय करू?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात, सगळं उघड करायचं किंवा सांभाळून घ्यायचं. खरं सांगणं म्हणजे कुणाविरुद्ध तरी तक्रार करणं, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि तिथेच मला थोडं थांबावंसं वाटतं. कोऱ्या पानाबद्दल ‘हे पान कोरं आहे’ असं लिहून त्याखाली अधिकाऱ्याची सही घेणं ही तक्रार नाही, ते दफ्तराचं काम आहे. तुमच्या अडचणींतल्या बहुतेक अशाच रीतीने, लेखी, आजच्या तारखेने आणि साहेबांच्या टेबलावरूनच सुटतील. एक सुटणार नाही, ती त्या दोन मदतनिसांची. तिच्याकडे सावकाश येते.

आधी दिवसांचा हिशेब करू. तुमच्या हातात दहा दिवस नाहीत. आठवड्याला तीन म्हणजे कामाचे चार दिवस. सकाळची बंद्यांची गणती, दुपारी बराकी बंद ठेवण्याची वेळ आणि संध्याकाळची टाळाबंदी वगळली तर दिवसाला साडेचार-पाच तास मिळतील. एकाने दाखल क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने पुस्तक काढून दाखवायचं, अशी जोडी तासाला दीडशेच्या आसपास पुस्तकं तपासते. दोन जोड्या बसवल्या तर २,६४० पुस्तकांना नऊ-दहा तास, म्हणजे पूर्ण दोन दिवस लागतात. उरलेल्या दोन दिवसांत नोंदी, फाटक्या पुस्तकांची वर्गवारी आणि एक टिपण एवढंच होईल. भिंती रंगवणं, सुविचारांच्या पाट्या लावणं, काचेचं कपाट सजवणं यात एक तासही घालवू नका. कपाट लावायला सांगितलंच असेल तर लावा, पण त्यातलं एकही पुस्तक दाखल क्रमांकाशिवाय ठेवू नका. त्याची किल्ली ग्रंथालयातच राहील हेही ठरवून घ्या. वाचकाला हात लावता न येणारं पुस्तक त्याच्या काय कामाचं?

आता ती कोरी पानं. मागच्या तारखा टाकून नोंदी भरू नका. खोटी सरकारी नोंद हा गुन्हा ठरू शकतो, हे कारण आहेच. पण तुरुंगात अशी नोंद बाहेरच्यापेक्षा लवकर उघडी पडते, हे तुम्ही आणि तुमच्या साहेबांनी दोघांनीही लक्षात घ्यावं. इथे प्रत्येक माणसाचा प्रत्येक दिवस दुसऱ्या कुठल्या तरी वहीत लिहिलेला असतो. तुम्ही १२ तारखेला ज्याच्या नावावर कादंबरी दाखवाल तो त्या दिवशी न्यायालयात तारखेला गेलेला असेल, संचित रजेवर (शिक्षेच्या काळात मिळणाऱ्या सुट्टीवर) असेल, रुग्णालयात असेल किंवा महिनाभर आधीच सुटलेला असेल. शिवाय चार महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एकाच दमात लिहिलेल्या दिसतात. परतीची तारीख बरोबर सातव्या दिवशी पडते, रविवारीही देवघेव होते. अनुभवी तपासनीस नोंदवही वाचत नाही, ती उजेडात तिरकी धरतो. एक खोटं पान सापडलं की तुमची आठ महिन्यांची खरी पानंही संशयात जातात.

त्याऐवजी पहिल्या कोऱ्या पानावर एवढंच लिहा: ‘दि. अमुक ते दि. अमुक या काळात देवघेवीच्या नोंदी घेतल्या गेलेल्या नाहीत. टीप लिहिल्याचा दिनांक अमुक.’ खाली तुमची सही आणि प्रभारी तुरुंगाधिकाऱ्यांची सही. कारण माहीत असेल तर एका ओळीत, नसेल तर काहीच नाही. उरलेल्या कोऱ्या पानांवर तिरकी रेघ मारून ठेवा. पांढरी शाई वापरू नका, पान फाडू नका. चुकलेली नोंद एका रेघेने खोडायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आद्याक्षरं व तारीख टाकायची.

त्या चार महिन्यांत ग्रंथालय खरंच चालू होतं का, हे मात्र शोधता येतं. पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतील तर मोजणी करताना त्या काळातले शिक्के वेगळे मोजा. समजा ४१० शिक्के निघाले. मग वेगळ्या कागदावर लिहा: ‘तारखेच्या चिठ्ठ्यांवरून मोजलेली देवघेव: ४१०.’ नोंदवहीत ते घुसवायचं नाही. हा पुरावा अपुरा आहे, पण खरा आहे, आणि साहेबांनाही तो उपयोगी पडेल.

साहेबांशी बोलताना ‘मी खोटं लिहिणार नाही’ या वाक्याने सुरुवात करू नका. त्यांनी तसा विचार केलेला नसतो. त्यांच्या डोक्यात ‘दफ्तर अद्ययावत करणं’ एवढंच असतं. असं सांगून पाहा: “साहेब, ही पानं भरली आणि गणतीच्या नोंदींशी जुळली नाहीत, तर प्रश्न तुम्हाला विचारतील. टीप लिहून आणली आहे, एकदा बघून घ्या.” सोबत चारशे दहाचा कागद ठेवा. त्यांनी सही नाकारली तर वाद घालू नका. तीच टीप अर्जाच्या रूपात कार्यालयात द्या, आवक क्रमांक घ्या आणि प्रत संस्थेकडे पाठवा.

न सापडणाऱ्या १४० पुस्तकांची भीती तुम्हाला सगळ्यात जास्त आहे, आणि तिथेच तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट आहे. हरवलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे चोरी किंवा निष्काळजीपणा, हे गृहीतक कारागृहातच काय, कुठल्याच ग्रंथालयात चालत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम २१५ पाहा. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची मोजणी दरवर्षी व्हावी, आणि वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी मानता येईल, असं तो म्हणतो. त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी व्हावी, या अटी आहेत. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. तुमच्याकडे कोणता लागू होतो ते लेखा शाखेला विचारा. मोजमाप म्हणून मात्र तो वापरता येतो. वर्षाला ३,६०० देवघेव, सहा वर्षांची २१,६००, आणि दर हजारी पाच म्हणजे १०८. तुमचे १४० या आकड्यापासून फार दूर नाहीत, आणि शोध तर अजून झालेलाच नाही.

शोध घेताना आधी फडताळं पाहा. सगळ्यात जास्त ‘हरवलेली’ पुस्तकं चुकीच्या जागी किंवा दुसऱ्या पुस्तकांच्या मागे पडलेली असतात. नंतर कारागृहाचं रुग्णालय, महिला विभाग, अतिसुरक्षा विभाग आणि कर्मचाऱ्यांच्या खोल्या. कर्मचारीही पुस्तकं नेतात, आणि त्यांच्याकडे मागायला सगळेच कचरतात. प्रत्येक बराकीत ‘विचारपूस न करता परत घेऊ’ अशी सूचना देऊन दोन दिवस एक खोकं ठेवायची परवानगी मागा. सूचना वाचून दाखवायला सांगा, नुसती चिकटवू नका. खोक्यात आलेल्या पुस्तकासाठी कुणालाही जाब विचारला गेला, तर पुढच्या वेळी खोकं रिकामंच राहील. शिल्लक यादीत जी सुटलेल्या किंवा बदली झालेल्या बंद्यांच्या नावावर निघतील ती वेगळी काढा. सुटकेच्या वेळी ‘ग्रंथालयाची बाकी नाही’ असा शेरा घेण्याची पद्धत नसेल, तर पुस्तक फाटकातून बाहेर जातं ते तिथे. पुढची गळती रोखायला हाच उपाय मागायचा.

आणि तुमच्या नावावर लागण्याबद्दल. रुजू होताना साठा मोजून, यादीवर सही घेऊन ताबा दिला होता का? नसेल तर आजच्या तारखेचं पत्र लिहा: ‘मी अमुक दिनांकाला काम सुरू केले तेव्हा साठ्याची मोजणी होऊन कार्यभार हस्तांतरित झालेला नव्हता. आता केलेल्या मोजणीचा तपशील सोबत जोडला आहे.’ एवढंच. आधीच्या माणसाचं नाव नको, आरोप नको. शाळेच्या, वसतिगृहाच्या, निरीक्षणगृहाच्या ग्रंथालयात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र पहिल्याच महिन्यात द्यायला हवं. तपासणी तोंडावर आली की ते बचावासारखं वाचलं जातं. तरी न देण्यापेक्षा उशिरा दिलेलं बरं.

फाटकी पुस्तकं गोदामात हलवू नका. मोजणीच्या दिवशी गोदामात असलेलं पुस्तक ‘सापडत नाही’ या यादीत जातं आणि तुमचे १४० चे २४० होतात. रद्दीत तर अजिबात घालू नका. निर्लेखन, म्हणजे पुस्तक साठ्यातून कमी करणं, हे सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीनेच होतं. तीन गठ्ठे करा: वापरातली, दुरुस्तीची, निर्लेखनासाठी प्रस्तावित. प्रत्येकावर पाटी लावा, यादी करा आणि उघड्यावर ठेवा.

ती फाटली कशी, हेही नीट पाहा, कारण त्यात वाचकांची गरज दिसते. शेवटची कोरी पानं गेली असतील तर बंद्यांना अर्ज आणि पत्रं लिहायला कागद मिळत नाही. पातळ कागदाची आतली पानं गेली असतील तर ती विडीसाठी गेली. कणा कापलेला असेल तर ते वाचकाचं काम नाही, झडतीचं आहे. पहिल्यावर उपाय म्हणजे कोरे कागद आणि पेन मागणं. तिसऱ्यासाठी झडतीच्या पथकाच्या हवालदारांशी बोलून पद्धत ठरवा: पुस्तक कण्याला धरून उलटं झटकायचं, पानं अंगठ्याने फडफडवायची, पुठ्ठा बोटांनी दाबून पाहायचा. बांधणी करताना जाड पुठ्ठ्याऐवजी मऊ, एकपदरी वेष्टन घातलं तर आत काही दडवायला जागाच उरत नाही आणि कापायची गरजही पडत नाही. दुरुस्तीला चिकटपट्टी वापरू नका, ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर शिजवलेली खळ पुरते. बाहेर बांधणीवाले कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, कारागृहात आणायचं नाही. थोडीच खळ करायची आणि दोन दिवसांत संपवायची. दाभण, सुया, कात्री मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या आणि दोन्ही वेळा सही.

कागदाच्या मागणीला कुणी नाक मुरडलं तर आपल्याच राज्यातलं एक उदाहरण हाताशी ठेवा. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी तिथे अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. साठच्या दशकातला हा निकाल आजही बंद्यांच्या लेखन-वाचनाच्या हक्काचा आधार मानला जातो.

कायद्याच्या फडताळाबद्दल एक सावधगिरी. तपासणीआधी ‘जुने कायदे काढून टाका’ अशी सूचना येते. काढू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू आहे. तुमच्या अनेक वाचकांचे खटले त्याच कलमांवर चालू असणार. दोन्ही शेजारी ठेवा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लावा. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेल्या) बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला जामिनाची वाट त्यात आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले बंदी त्यातून वगळलेले आहेत. जुन्या प्रकरणांतल्या न्यायाधीन बंद्यांनाही हे कलम लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. हा एक कागद सजवलेल्या कपाटापेक्षा जास्त कामाचा आहे.

आता ते दोघे मदतनीस. तुम्ही लिहिलंय की त्यांच्यातला एक जण फडताळ न बघता पुस्तकाची जागा सांगतो. त्याला त्या दिवशी बाजूला बसवणं अपमानाचं आहे, हे खरं. पण माझी काळजी वेगळी आहे. तपासणी संपली की तुम्ही घरी जाता, अधिकारी मुंबई-पुण्याला जातात, तो मात्र तिथेच राहतो. तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत त्याच्याकडून वसूल होणार नाही, एवढी काळजी प्रत्येक पावलावर घ्या.

साहेबांना तथ्य सांगा: कामवाटपात याच दोघांची नावं आहेत, मजुरी यांच्या नावावर निघते, आणि तपासनीसांनी ती नोंद मागितली तर दुसऱ्यांना बसवल्याचं लगेच दिसेल. तरी बदलायचं ठरलं तर तो निर्णय कार्यालयाचा आहे. तुम्ही त्यावरून दोघांना पुढे करून भांडण मांडू नका. त्यांना वेगळं बसवून सांगा की कोण येणार आहे आणि काय विचारू शकतात. बोलायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं आहे, आणि काहीही न बोलणं हाही योग्य निर्णय आहे. उत्तरं पढवू नका, ना कार्यालयाच्या बाजूची, ना तुमच्या बाजूची. कुणी ‘ताई, ही चिठ्ठी साहेबांना द्या’ म्हणालं तर ती हातात घेऊ नका. कठोर वाटेल, पण ती चिठ्ठी तुमच्याकडे सापडली तर तुमचा प्रवेश जाईल आणि त्याला शिक्षा होईल. त्याला तक्रारपेटी, कारागृहातलं विधी सहाय्य केंद्र आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक यांची वाट दाखवा. बंद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत तपासनीसांनी बंद्यांशी आणि कर्मचाऱ्यांशी एकांतात, गोपनीय बोलावं असं म्हटलंय. तेव्हा ‘बंद्यांशी एकट्याने बोलायची सोय ग्रंथालयात होऊ शकते, मी बाहेर थांबेन’ एवढं तुम्ही नक्की म्हणू शकता.

वाचक-नोंदवहीतला एक रकाना आजच बघा. त्यात ‘जात’ असेल तर तो काढण्याचा प्रस्ताव द्या. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि जातीवरून कामवाटप घटनाबाह्य ठरवलं. ग्रंथालयाचं काम हे तुरुंगातलं ‘चांगलं’ काम समजलं जातं, म्हणून ते कुणाला मिळतं हा प्रश्न तुमच्यापर्यंत येऊ शकतो. त्याच जोडीला, कोणी कोणतं पुस्तक नेलं ही यादी भिंतीवर किंवा टेबलावर उघडी ठेवू नका. माणूस कोणत्या कलमाचं पुस्तक वाचतो यावरून बराकीत बरंच काही ताडलं जातं.

ग्रंथालय बंद होईल ही तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. पण ज्याच्या वापराचा कागद नाही, ते ग्रंथालय बंद करणं सगळ्यात सोपं असतं. म्हणून शेवटच्या दिवशी एका पानाचं टिपण करा. दाखल किती, प्रत्यक्ष किती. बारा महिन्यांची देवघेव, त्यातला चार महिन्यांचा खंड स्पष्ट दाखवून. मराठी, हिंदी, उर्दू, कन्नड, इंग्रजी अशी भाषावार पुस्तकं, आणि शेजारी त्या भाषा वाचणाऱ्या बंद्यांची संख्या. ही दोन रकान्यांची तुलना तपासनीसाच्या नजरेत लगेच भरते. कोणत्या विभागाला ग्रंथालयात येताच येत नाही तेही लिहा. मंडेला नियमांतला ६४ वा नियम सगळ्या वर्गांच्या बंद्यांसाठी ग्रंथालय असावं असं सांगतो, आणि महिला विभाग बहुतेक वेळा तिथेच सुटतो. तिथे सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत असतात, तेव्हा चित्रांची पुस्तकं आहेत का हे नोंदवा.

शेवटी मागण्या फक्त तीन. दहा लिहिल्या तर एकही होत नाही. तुमच्या पत्रावरून मला सुचतात त्या अशा: जवळचं वाचायच्या चष्म्यांचे तीस-चाळीस जोड, +१ ते +२.५ नंबरचे, कारण चाळिशीनंतर न वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाचायचं असतं, दिसत नसतं; टाळाबंदीनंतर वाचता येईल असा बराकीतला उजेड; आणि सुटकेच्या वेळचा ग्रंथालयाचा शेरा. टिपण आधी साहेबांना द्या, त्यांच्यामार्फतच पुढे जाऊ द्या. तपासनीसाच्या हातात परस्पर सरकवू नका.

त्या दिवशी विचारलं तेवढंच सांगा. आकडा आठवत नसेल तर ‘नोंद पाहून सांगते’ म्हणा आणि खरंच पाहून सांगा. चार महिन्यांबद्दल विचारलं तर टीप उघडून दाखवा. तुम्ही न पाहिलेल्या बराकींबद्दल, जेवणाबद्दल, मारहाणीच्या ऐकीव गोष्टींबद्दल ग्रंथालयात उभं राहून बोलू नका. स्वतः पाहिलं असेल तर ते संस्थेमार्फत, लेखी, तारखेसह.

आणि तपासणीच्या पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा: ते दोघे पुन्हा आपल्या जागी बसले का, काचेच्या कपाटातून किती पुस्तकं बाहेर गेली, आणि तुमच्या टिपणाला जावक क्रमांक पडला का. दोघांपैकी कुणाला काही कारण न देता कामावरून काढलं असेल, तर त्याच दिवशी तारखेसह संस्थेला कळवा आणि संस्थेने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लिहावं. महिनाभर थांबून लिहिलेल्या पत्राला ‘नियमित बदल’ असं उत्तर येतं.